फाबियान बिएलिन्स्कीचे क्राइम थ्रिलर

फाबियान बिएलिन्स्की (१९५९–२००६) हा अर्जेंटिनाचा दिग्दर्शक, बुएनोस आयरेसचा. फीचर फिल्म म्हणाल तर त्याच्या नावावर दोनच, ‘नुएवे रेइनास’ म्हणजे नऊ राण्या (२०००) आणि ‘एल आउरा’ (२००५). दोन्ही स्पॅनिशमध्ये, दोन्हीत हिरो रिकार्दो दारीन, आणि दोन्ही गुन्ह्याबद्दल. पण पोलीस, पाठलाग, गोळीबार असला मसाला शोधायला गेलात तर पहिल्यात जवळजवळ काहीच सापडणार नाही आणि दुसऱ्यात जेवढा गोळीबार आहे तो बघताना मजा येत नाही, पोटात गोळा येतो.

‘नुएवे रेइनास’ची गोष्ट साधारण एका दिवसात घडते. पहाटे पेट्रोल पंपावरच्या दुकानात खुआन नावाचा पोरगा (गास्तोन पाउल्स) सुट्ट्या पैशांची ट्रिक करतोय, म्हणजे मोठी नोट द्यायची, बारीकसं काहीतरी घ्यायचं, मग नोटांची अदलाबदल करत इतकं बोलत राहायचं की गल्ल्यावरच्या मुलीचा हिशोब चुकतो. शिफ्ट बदलते, हा लोभात पडून दुसऱ्या मुलीवर तीच ट्रिक करतो आणि पकडला जातो, तेव्हा मार्कोस (दारीन) पोलीस असल्याची बतावणी करून त्याला बाहेर काढतो. मार्कोस पण ठगच, पण मुरलेला. दोघं मिळून जर्मनीच्या वायमार काळातल्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या, दुर्मिळ टपाल तिकिटांची नकली शीट एका स्पॅनिश कलेक्टरला विकायला निघतात, आणि मध्येच बाइकवरचे दोघे बॅग खेचून पळतात, आत रोकडा नाही बघून चिडतात आणि तिकिटं पाण्यात फेकून देतात! ठगांना भुरट्यांनी लुटलं, ते पण कशाला हात लावला ते न कळता. अख्ख्या पिक्चरचा मूड या एका सीनमध्ये आहे.

सगळ्यात गाजलेली जागा मात्र वेगळीच. मार्कोस भर रस्त्यात उभा राहून खुआनला सांगतो की चोर इथेच आहेत पण तुला दिसत नाहीत, आणि मग कॅमेरा गर्दीवर फिरतो आणि मागे मार्कोस चोरांच्या जातींची यादी म्हणत जातो. पुंगा म्हणजे खिसेकापू, मेचेरा म्हणजे दुकानातला माल लांबवणारी बाई, बोकेतेरो म्हणजे भिंतीला भगदाड पाडून आत शिरणारा, एस्क्रुचान्ते म्हणजे घरफोड्या, अशी लांबलचक यादी. हे शब्द लुन्फार्दोतले, म्हणजे बुएनोस आयरेसच्या रस्त्यावरची बोली, त्यामुळे सबटायटलवर बघणाऱ्याच्या हातून अर्धी गंमत निसटतेच. तिकडे फसवणुकीला ‘कुएंतो देल तिओ’ म्हणतात, शब्दशः काकाची किंवा मामाची गोष्ट, कारण जुनी थाप अशी असायची की लांबचा श्रीमंत काका वारला, इस्टेट सोडून गेला, फक्त खर्चाला थोडे पैसे हवेत. आपल्याकडे ‘मामा बनवणे’ आहेच, एवढ्या लांबच्या दोन भाषांनी फसवणुकीच्या वाक्यात नेमका मामाच धरला याचं मला हसू येतं.

शेवटाकडे बँकेचा एक सीन आहे. हातात चेक आहे, पण बँकच बसलीये, वरचे लोक पैसे घेऊन पसार आणि बाहेर खातेदार दारं बडवतायत. सिनेमा आला ऑगस्ट २००० मध्ये, तेव्हा पेसो (तिकडचं चलन) आणि डॉलर एकास एक बांधलेले होते आणि तो सीन जरा अतीच वाटला असेल. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने खरंच खाती गोठवली (त्याला ‘कोर्रालितो’ म्हणतात), आठवड्याला २५० पेसोच काढता येणार असा नियम आला, लोक खरंच बँकांची शटर बडवायला लागले आणि २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष दे ला रूआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. बिएलिन्स्की भविष्यवेत्ता होता असं उगाच म्हणायला नको, पण सगळा देशच एकमेकाला टोपी घालतोय हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, आणि त्यात सगळ्यात मोठा ठग कोण ते त्याने त्या सीनमध्ये दाखवून टाकलं.

‘एल आउरा’ एकदम उलट्या स्वभावाचा. संथ, गप्प, बराचसा पॅटागोनियाच्या, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या जंगलात. दारीन इथे मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारा कारागीर आहे, त्याला फिट्स येतात आणि एकदा बघितलेलं तो विसरत नाही. पगाराच्या रांगेत उभा राहून तो मित्राला शांतपणे समजावतो की इथे दरोडा कसा घालता येईल, अर्थात सगळा दरोडा डोक्यातच. मग शिकारीला गेल्यावर चुकून एक माणूस मारला जातो आणि त्या माणसाचा कॅसिनोच्या पैशांची गाडी लुटायचा प्लॅन याच्या हातात पडतो. आउरा म्हणजे फिट येण्याआधीचे ते काही क्षण, आता काय होणार हे माहीत असतं आणि थांबवता येत नाही, आणि तो म्हणतो की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं कारण ठरवायचं काही उरतच नाही. माझ्या मते दोघांत हाच जास्त खोल सिनेमा, पण पहिल्यासारखा पटपट धावेल म्हणून लावलात तर झोप लागेल.

पहिला सिनेमा यायला बिएलिन्स्कीची चाळिशी उलटली होती. आधीची कितीतरी वर्षं असिस्टंट डायरेक्टर म्हणून आणि जाहिरातींमध्ये गेली, ‘ला सोनाम्बुला’ (१९९८) या सिनेमाच्या लेखनात पण तो होता, आणि ‘नुएवे रेइनास’ची स्क्रिप्ट एका स्पर्धेत जिंकली म्हणून शूटिंगला पैसे मिळाले. जून २००६ मध्ये जाहिरातीच्या कामासाठी ब्राझीलमध्ये साओ पाउलोला गेला असताना हार्ट अटॅकने गेला, वय ४७.

‘नुएवे रेइनास’चा हॉलिवूड रिमेक ‘क्रिमिनल’ २००४ मध्ये आला. अभिषेक बच्चन आणि रितेश देशमुखच्या ‘ब्लफमास्टर’ (२००५) वर पण त्याची छाप आहे, तो बघितला असेल तर मूळ सिनेमाचा शेवट थोडा आधी ओळखाल, बाकी काही बिघडत नाही. फक्त शेवटची टायटल्स सुरू झाली की लगेच उठू नका, खुआन अख्खा पिक्चर रीता पावोनेचं एक जुनं इटालियन गाणं आठवायचा प्रयत्न करत असतो, ते तिथे वाजतं.