शय्याव्रण व आधारपृष्ठांची पारख

शय्याव्रण, म्हणजेच दाबव्रण (बोलीभाषेत बेडसोअर), ही हाड आणि बाहेरचे पृष्ठ यांच्या कात्रीत सापडून त्वचेला व तिच्याखालच्या ऊतींना होणारी इजा आहे. ती चाकाच्या खुर्चीत तासन्‌तास बसणाऱ्यालाही होते आणि कानामागे ऑक्सिजनची नळी रुतूनही होते; त्यामुळे ‘दाबव्रण’ हेच नाव अधिक नेमके. माकडहाडाच्या वरचा भाग, टाचा, खुबे, बैठकीची हाडे आणि घोटे ही तिची नेहमीची ठिकाणे होत.

दाबामुळे केशवाहिन्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या) मिटतात आणि ऊतींचा रक्तपुरवठा थांबतो. शिवाय पेशींचा आकार बिघडल्यानेही त्या थेट मरतात. स्नायू त्वचेपेक्षा नाजूक असल्याने पुष्कळदा इजा हाडालगत सुरू होते आणि वर दिसतो तो केवळ जांभळट डाग. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली की रुग्ण खाली घसरतो, त्वचा चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे सरकते; या ओढीने रक्तवाहिन्या ताणल्या व पिळल्या जातात. घाम आणि लघवीचा ओलावा त्वचा आणखी दुबळी करतो. बोटाने दाबूनही फिकी न पडणारी लाली ही पहिली पायरी मानतात. सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही, म्हणून तिथे उष्णता, घट्टपणा व दुखरेपणा हाताने चाचपावा लागतो. लालीवर चोळून मालीश करणे मात्र टाळावे.

धोका जोखण्यासाठी 1962 मधील नॉर्टन आणि 1987 मधील ब्रेडन या गुणपट्ट्या प्रसिद्ध आहेत. ब्रेडनमध्ये 6 ते 23 गुण असून गुण जितके कमी तितका धोका अधिक.

गादी किंवा बैठक निवडताना 32 मिमी पारा हा दाबाचा आकडा सुरक्षिततेची सीमा म्हणून वारंवार पुढे केला जातो. तो शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजीन लँडिस यांनी 1930 साली निरोगी माणसांच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांत मोजला होता. वृद्ध रुग्णाच्या कमरेखाली तोच सुरक्षिततेची सीमा ठरेल, असे समजायला आधार नाही. दाब आणि काळ यांचा एकत्र विचार करावा लागतो, कारण मध्यम दाबही पुरेसा वेळ टिकला तर घातक ठरतो. दाबाचा रंगीत नकाशा काढणारी चटईही दाखवते ती पृष्ठावरचाच दाब, हाडालगतचा नव्हे.

चांगल्या आधारपृष्ठात, म्हणजे रुग्णाला पेलणाऱ्या गादीत किंवा बैठकीत, शरीर पुरेसे बुडते, त्याच्या उंचसखल भागांना ते लपेटून घेते आणि भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. उच्च दर्जाचा फोम हे काम स्थिर राहून करतो. आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची हवेची गादी दाबाची जागाच बदलत राहते. पारख मात्र रुग्ण तिच्यावर असतानाच करावी: तळहात वर करून गादीखाली, हाडाच्या नेमका खाली सरकवावा, मध्ये सुमारे अडीच सेंटिमीटर जाडी उरली नसेल, तर गादी ‘तळाला लागली’ आहे. वजनाप्रमाणे हवा न भरणे, फोम बसणे, घट्ट ताणलेले आवरण आणि वर एकावर एक टाकलेली अंथरुणे यांनी महागडी गादीही निकामी होते. मधे भोक असलेली कड्याची उशी तर कडेच्या ऊतींवर दाब वाढवते. टाचांना गादी पुरत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा पूर्ण अधांतरी ठेवतात.

कोणतीही गादी घेतली तरी कूस बदलणे सुटत नाही. ते किती वेळाने करायचे, हे रुग्णाच्या त्वचेकडे पाहून ठरते. कुशीवर सुमारे 30 अंशांचा कल दिल्यास खुब्यावर थेट भार येत नाही.