फौजेच्या पोटामागचे तांडे

दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघत, त्यामागे मुहूर्ताइतकाच गवताचा हिशेब होता. पावसाळा सरला की नद्यांना उतार मिळे आणि माळावर चारा उभा असे. चारा असला तरच बैल चालत, आणि बैल चालले तरच छावणीत धान्य पोचे.

सतराव्या-अठराव्या शतकात बहुतेक फौजांत शिपायाला सरकारी शिधा मिळत नसे. पगारातून तो छावणीच्या बाजारात दाणागोटा विकत घेई. हा बाजार भरता ठेवण्याचं काम मुख्यतः लमाण-बंजाऱ्यांकडे होतं. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तरेत धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला होता. दिवसाला सहा-सात मैल, एवढीच त्याची चाल. पण वाटेत चरत जाणारा बैल पाठीवरचं धान्य खात नाही. सगळी किफायत त्यातच. मोगलांबरोबर दख्खनेत उतरलेल्या जंगी-भंगी या बंजारा नाईकांना ताम्रपटाने छपराचं गवत, रांजणातलं पाणी आणि दिवसाला तीन खून माफ झाले, अशी आख्यायिका आहे. लोक खुनांचंच सांगतात; मला गवत-पाण्याची सवलत जास्त बोलकी वाटते.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र रयतेच्या कळवळ्यासाठी उद्धृत होतं. ते रसदीचंही पत्र आहे: दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल.

पानिपतावर नेमकी रसदच तुटली. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला घेतल्यावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंच्या हाती मोठा धान्यसाठा आला, पण त्याच महिन्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडवली. पतियाळाच्या आलासिंगाकडून काही काळ धान्य येत राहिलं. गंगा-यमुनेमधल्या दुआबात शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले. कहीवर, म्हणजे दाणा-वैरण गोळा करायला, गेलेली माणसं कापली जाऊ लागली. लढणाऱ्यांखेरीज यात्रेकरू, बायका, बुणगे अशी हजारो तोंडं छावणीत होती. १४ जानेवारी १७६१ ला सैन्य बाहेर पडलं ते उपासमार असह्य होऊन. मुलखात धान्य नव्हतं असं नाही. ते आणणाऱ्याला वाट सुरक्षित राहिली नव्हती.

इंग्रजांनाही हा धडा मिळाला. टिपूविरुद्धच्या मोहिमेत, मे १७९१ मध्ये, श्रीरंगपट्टणापाशी गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसचे बैल मेले, धान्य संपत आलं आणि त्याला वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून मागे फिरावं लागलं. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची मित्रपक्षाची मराठी फौज भेटली. तिच्या बाजारात सगळं मिळत होतं, फक्त भाव चढे होते! पुढच्या मोहिमेआधी कॉर्नवॉलिसने बंजाऱ्यांशी व्यवहार ठरवला. १८०३ मध्ये मराठ्यांवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेमागेही तांडे होतेच.

१८५३ नंतर रेल्वे पसरली तसा गोण्यांचा धंदा बसत गेला. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही प्रांतांत बंजाऱ्यांच्या गटांवरच गुन्हेगारीचा शिक्का बसला.