कॉमेटचे अपघात: १९५२ ते १९५४ मध्ये नेमकं काय झालं होतं

२ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला एक विमान निघालं, तिकीट काढून बसलेले पॅसेंजर नेणारं जगातलं पहिलं जेट. बनवणारी कंपनी डी हॅविलँड, मॉडेल कॉमेट, एअरलाइन ब्रिटिश सरकारी बीओएसी आणि रजिस्ट्रेशन जी-एएलवायपी. शेवटच्या दोन अक्षरांवरून (तेव्हाच्या रेडिओच्या भाषेत वाय म्हणजे योक, पी म्हणजे पीटर) त्याला योक पीटर म्हणायचे. नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तोवरची विमानं पंख्यांची. प्रचंड आवाज, सतत हादरे, आणि खराब हवा आली की त्यातूनच जायचं. कॉमेट ३५ हजार फुटांच्या वर उडायचं आणि प्रवासाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला, त्यामुळे लोक अक्षरशः वेडे झाले होते. त्याच ऑगस्टमध्ये कोलंबोची सर्व्हिस सुरू झाली ती आपल्या मुंबईवरून. जुलै १९५३ मध्ये तर एक कॉमेट सांताक्रूझ समजून चुकून जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं आणि ते तिथून बाहेर काढायला नऊएक दिवस लागले.

अपघात मात्र पहिल्या वर्षातच सुरू झाले होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये रोमला एक कॉमेट टेकऑफला उचललंच नाही, नशिबाने कोणी दगावलं नाही. मार्च १९५३ मध्ये कराचीला तसंच झालं, कॅनेडियन पॅसिफिकचं नवंकोरं विमान, ११ जण गेले. दोन्ही वेळा ठपका पायलटवर, की नाक जास्त वर उचललं म्हणून. आणि मग कंपनीने गुपचूप म्हणा किंवा उघडपणे म्हणा, पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलला. म्हणजे दोष पंखातही होताच ना? पायलटवर ढकललं की फाइल लवकर बंद होते, हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं.

२ मे १९५३, म्हणजे पहिल्या फ्लाइटला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, कलकत्त्याच्या दमदमहून दिल्लीला निघालेलं कॉमेट सहा मिनिटांत वादळात सापडून हवेतच तुटलं. ४३ जण होते, कोणीच वाचलं नाही. चौकशीत निघालं की वादळाच्या झोतांमुळे किंवा पायलटने विमान सावरताना कंट्रोल जोरात ओढल्यामुळे विमानावर सोसण्यापलीकडे ताण आला. हे कारण चूक होतं असं मी म्हणत नाही, आजही ते चूक ठरलेलं नाही. पण वादळ होतं म्हटल्यावर बाकीच्या विमानांच्या पत्र्याकडे बघायची गरज कोणाला वाटली नाही, आणि ती उडत राहिली.

१० जानेवारी १९५४. सिंगापूरहून टप्प्याटप्प्याने आलेलं विमान रोमहून लंडनला निघालं, वीसेक मिनिटांत कॅप्टन दुसऱ्या विमानाशी रेडिओवर बोलत असताना वाक्य अर्धवट तुटलं आणि विमान एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं. ३५ जण गेले. हे विमान म्हणजेच योक पीटर. एल्बाच्या कोळ्यांनी होड्या काढून मिळतील ते मृतदेह बाहेर काढले. पोस्टमॉर्टेम झालं तर फुफ्फुसं फाटलेली, कवट्या फुटलेल्या. केबिनमधलं प्रेशर एका क्षणात गेलं असणार याचा हा पहिला धडधडीत पुरावा.

बीओएसीने कॉमेट स्वतःहून थांबवली, कमिटी बसली. कमिटीने काय केलं, तर जे जे कारण सुचलं त्या प्रत्येकावर एकेक दुरुस्ती करून टाकली, इंजिनाला आग लागली असेल तर हे, कंप सुटला असेल तर ते. फटिगचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकून तडकण्याचा विचारही झाला, पण मुख्यतः पंखांच्या बाबतीत. समुद्रातून अवशेष काढणं चालूच होतं, आणि तरी २३ मार्चला विमानं परत सुरू केली. ८ एप्रिलला रोमहून कैरोला जाणारं दुसरं कॉमेट, योक योक, नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात पडलं, त्यात २१ जण. अंदाजावर घेतलेल्या त्या एका निर्णयाची किंमत या २१ जणांनी दिली, हे मला तरी सौम्य शब्दात सांगता येत नाही.

आता मात्र सरकारने उडण्याचं सर्टिफिकेटच काढून घेतलं आणि काम फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेकडे, डायरेक्टर आर्नल्ड हॉल यांच्याकडे गेलं. त्यांनी एक अख्खं कॉमेट, योक अंकल, मोठ्या टाकीत घातलं, पंख दोन्ही बाजूंनी बाहेर, आणि केबिनच्या आत-बाहेर पाणी भरलं. पाणी का, तर हवेने टेस्ट केली असती तर बॉडी फाटताना बॉम्बसारखा स्फोट होऊन सगळ्या चिंधड्या झाल्या असत्या आणि सुरुवात कुठून झाली ते कळलंच नसतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फाटलं की तिथेच थांबतं. मग आत आणखी पाणी पंप करून प्रेशर वाढवायचं, सोडायचं, सोबत जॅकने पंख वर-खाली हलवायचे, हे दिवसरात्र. खरी उड्डाणं १,२३१ झाली होती, टाकीतली १,८२६ झाल्यावर, एकूण ३,०५७ व्या फेरीला बॉडी फाटली. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसंच. योक पीटर १,२९० उड्डाणांत गेलं होतं, योक योक तर ९०० च्या आसपास.

मग कंपनीने आधी टेस्ट केलीच नव्हती का? केली होती, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. केबिनच्या एका भागावर त्यांनी सुमारे १८ हजार वेळा प्रेशर दिलं होतं आणि तो टिकला होता. पण त्याच तुकड्यावर आधी मजबुतीची टेस्ट म्हणून नेहमीच्या दुप्पट प्रेशर दिलं होतं. त्या दाबाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित ताणला गेला आणि दाब काढल्यावर तिथे उलटा ताण अडकून राहिला, म्हणजे तो तुकडा फटिगला जास्त चिवट झाला. पॅसेंजर घेऊन उडणाऱ्या विमानांना एवढं प्रेशर कधी दिलंच नव्हतं. एका टेस्टने दुसऱ्या टेस्टचा निकाल बिघडवला, आणि कागदावर सगळं सेफ.

चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडली असं सर्रास सांगतात, ते अर्धवट आहे. टाकीतलं विमान इमर्जन्सी एक्झिटच्या खिडकीच्या कोपऱ्यातून फाटलं हे खरं, पण समुद्रातून काढलेल्या योक पीटरच्या तुकड्यांत तडा सुरू झाला तो छतावर, रेडिओ अँटेनासाठी कापलेल्या भोकाच्या कोपऱ्याजवळ. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर, कोपऱ्यावरचा ताण हिशोबापेक्षा बराच जास्त, आणि कडेला रिव्हेटची भोकं.

चौकशी कोर्टाने कोणाला दोषी धरलं नाही, पण चौकशी उघडपणे झाली आणि रिपोर्ट सगळ्यांना वाचायला मिळाला, बोइंग-डग्लसलाही. ‘कॉमेट ४’ हे सुधारलेलं मॉडेल ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक पार करू लागलं, पण तीनच आठवड्यांत पॅन अ‍ॅमचं बोइंग ७०७ आलं आणि बाजार तिकडे गेला. एअर इंडियानेही आधी कॉमेट ३ ची ऑर्डर दिली होती, शेवटी १९६० मध्ये घेतलं ते ७०७.

कॉमेटच्या तपासात मेलबर्नचे शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरेनही होते. त्यांचे वडील १९३४ च्या विमान अपघातात गेले होते. कॉमेटवर तज्ज्ञ नुसते तर्क लढवताहेत हे ऐकून त्यांना वाटलं की कॉकपिटमधलं बोलणं रेकॉर्ड करणारं यंत्र विमानातच ठेवलं पाहिजे. वरिष्ठांना त्यात फारसा रस नव्हता, तरी त्यांनी नमुना बनवला. १९६० मध्ये क्वीन्सलँडच्या मकाय इथे एक विमान समुद्रात पडलं, कारण शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाने विमानात असे रेकॉर्डर सक्तीचे करायचं ठरवलं.