सोयाबीनच्या मुळाशी चालणारा हिशेब

निफाड, येवला, सिन्नर या पट्ट्यात ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलोऱ्यावर येतं. तेव्हा एखादं झाड न ओढता, मातीसकट उचलून मुळं पाण्यात धुवून बघा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी दिसतील. त्यातली एक नखाने फोडा. आत लालसर गुलाबी रंग असेल तर गाठ कामावर आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलं.

हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. गाठीत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतल्या नत्राचा अमोनिया करतात. ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर हे होतं ते नायट्रोजनेज ऑक्सिजनने निकामी होतं, आणि जिवाणूंना श्वसनासाठी तर ऑक्सिजन हवाच! लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवतं आणि बेताबेताने पुरवतं. युरियाच्या कारखान्यात अमोनिया करायला ४०० अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. इथे तो पावसाळ्यातल्या साध्या मातीत होतो.

जिवाणूंना बोलावतं झाडच. मुळांतून जेनिस्टीनसारखी रसायनं पाझरतात, ती ओळखून जिवाणू उलट संकेत पाठवतात, मग मुळाचा केस वाकतो आणि त्यांना आत वाट मिळते. पुढे झाड त्यांना साखर पुरवतं. पण खाऊन काहीच न देणाऱ्यांचं काय? २००३ साली जीवशास्त्रज्ञ टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून तिथे आरगॉन भरला. जिवाणू चांगलेच होते, फक्त नत्र देऊ शकत नव्हते. अशा गाठींत त्यांची वाढ बरीच कमी झाली, आणि झाड त्यांचा ऑक्सिजन आवळत असल्याच्या खुणा मोजमापात सापडल्या. मेंदू नसलेलं झाड गाठीगाठीचा हिशेब ठेवतं, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

याच हिशेबामुळे जमिनीत नायट्रेट, म्हणजे मुळांना आयता मिळणारा नत्र, भरपूर असेल तर गाठी कमी धरतात. पीक पिवळं दिसलं की युरिया फेकण्याआधी गाठी फोडून बघाव्यात, ते यासाठी.

सोयाबीन मूळचं पूर्व आशियातलं. ज्या रानात ते कधीच घेतलं नाही, तिथे त्याचे जिवाणू नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला पाकिटातले जिवाणू (जिवाणू संवर्धक) चोळणं. बुरशीनाशक आधी, जिवाणू संवर्धक शेवटी, बी सावलीत सुकवून लगेच पेरणी. पाकिटातले जीव जिवंत असतात, ते उन्हात ठेवू नये.

सोयाबीन काढून त्याच रानात कांदा लावताना ‘नत्र आयता मिळाला’ असं मात्र धरू नये. दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळे बराचसा नत्र पोत्यांतून बाजार समितीत जातो. रानात राहतो तो मुळांचा आणि गळलेल्या पाल्याचा; मळणीनंतरचं भुसकट जाळलं तर त्यातला वाटाही गेला.