जुन्या मोटारीचे बॉडीपार्ट : शोध आणि जुळणी (बेळगाव सीमाभाग)

जुनी मोटार मूळ रूपात आणताना तिची दारे, मडगार्ड, बॉनेट, डिकी, बंपर, ग्रिल मिळवून ती सांगाड्यावर नीट बसवण्याचे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ते डेंटर मिस्त्री करतात आणि बोलण्यात त्याला नुसते ‘पत्र्याचं काम’ म्हणतात. इंजिन बोअर करून, पिस्टन बदलून पुन्हा उभे राहते. गाडी वर्षानुवर्षे अडून राहते ती पत्र्यापायी.

या भागात प्रामुख्याने हाती येतात त्या फियाट 1100 व तिच्यापासून निघालेली प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर आणि विलीज जीप. खानापूरकडच्या पावसात आणि लाल मातीत यांचे दुखणे ठरलेले असते. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके चिखलाने बुजतात, पाणी आत साचते आणि दार खालून कुजते. दाराखालची सिल आणि डिकीत स्टेपनीखालचा पत्राही असाच जातो. वरून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग दिलेला असला तर डोळ्यांना कळत नाही. लोहचुंबक फिरवावा, जिथे तो धरत नाही तिथे खाली पत्रा नाही किंवा लांबीचा जाड थर आहे.

सुटे भाग शोधायला इथला माणूस दोन्ही दिशांना जातो. उत्तरेला कोल्हापूर, पुण्याचा जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचे भंगार. दक्षिणेला बंगळुरूच्या शिवाजीनगरची गुजरी. कन्नडमध्ये गुजरी म्हणजे भंगार, कोल्हापुरात मात्र गुजरी म्हणजे सराफकट्टा. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही अर्थ ठाऊक असतात.

नाव जुळले म्हणजे भाग जुळतो असे नाही. सुरुवातीच्या फियाट 1100च्या, म्हणजे ‘डुक्कर फियाट’च्या, पुढच्या दाराची बिजागरी मागच्या बाजूला असते, पद्मिनीची पुढे, त्यामुळे दोन्ही ‘फियाटची दारे’ असूनही एकमेकींना चालत नाहीत. अँबेसेडर 1957 ते 2014 इतकी वर्षे निघाली, पण मार्क (आवृत्ती) बदलला की ग्रिल बदलले. म्हणून बाजारात जाताना जुना भाग, कितीही सडलेला असो, सोबत न्यावा. तो भंगारात घालणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. कडेची घडी, भोकांची जागा, पत्र्याचा बाक यांचे माप त्याच्याशिवाय दुसरीकडे कुठेही मिळत नाही. मूळ भाग मिळालाच नाही तर 18 किंवा 20 गेजचा पत्रा याच नमुन्यावरून हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकून घडवतात.

बेळगावला एक मोठा आधार आहे तो उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचा. बिल्ला किंवा हँडल पितळेत ओतून घेता येते. मात्र ओतीव धातू थंड होताना आकसतो. मूळ बिल्ल्यावरूनच वाळूत साचा उठवला तर 20 सेंटिमीटरचा बिल्ला सुमारे 3 मिलिमीटर आखूड येतो आणि पिना भोकांत बसत नाहीत. पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, तेवढा वाढवूनच करावा लागतो.

जुळणीत क्रमाला फार महत्त्व आहे. फियाट आणि अँबेसेडरला वेगळी चॅसिस (खालची लोखंडी चौकट) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्डिंगने टाचले नाहीत तर मधोमध गाडी बसते, आणि मग कुठलेच दार लागत नाही. जीपची बॉडी चॅसिसवर बोल्टांनी बसते, तिथे ही धास्ती नसते. आधी मागची दारे, मग पुढची, त्यांना धरून मडगार्ड आणि शेवटी बॉनेट. मागचे दार न हलणाऱ्या मागच्या मडगार्डाला धरून बसवायचे असते, म्हणून तिथून सुरुवात. फटी 4-5 मिलिमीटरच्या आणि वरपासून खालपर्यंत सारख्या हव्यात. चांगला मिस्त्री लाकडाची एकच पातळ पट्टी सगळ्या फटीतून ओढत नेतो. ती अडली की बिजागरीखाली पत्र्याची चकती सरकवतो किंवा काढतो आणि पुन्हा ओढतो. हे सगळे रंगाआधी, दाराच्या कडेची रबरी बीडिंग लावून करायचे असते. बीडिंग नंतर लावले की ते दाराला बाहेर ढकलते आणि नवा रंग कडेला खरवडतो. मी पाहिलेल्या बिघडलेल्या कामांत हीच घाई सर्वाधिक दिसली.

2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. अट ही की चॅसिस, बॉडी शेल व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. कोल्हापूरची नोंद असलेली अख्खी गाडी बेळगावात आणून 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला घेऊन इथे नवा नंबर घ्यावा लागतो.