फुप्फुसाची गर्भातील घडण : रेणवीय संकेत
गर्भाच्या अग्रांत्राला (अन्ननलिकेच्या पुढच्या भागाची सुरुवातीची नळी) पोटाकडील बाजूने चौथ्या आठवड्यात एक अंकुर फुटतो. दोन्ही फुप्फुसे त्याचीच वाढ. ही वाढ कुठे, कोणत्या दिशेने व्हावी याचे निरोप शेजारच्या पेशींनी स्रवलेली प्रथिने देतात. त्यांना संकेत-रेणू म्हणतात. यांविषयीचा बहुतेक पुरावा उंदरांवरील प्रयोगांतून आला आहे.

जागा ठरते ती मध्यस्तरातून (गर्भाच्या पेशींच्या मधल्या थरातून) येणाऱ्या डब्ल्यूएनटी-२ व २बी या संकेतांनी. त्यांच्यामुळे अंतःस्तराच्या (सर्वांत आतल्या थराच्या) पोटाकडील पेशींत एनकेएक्स२-१ जनुक जागे होते आणि तिथे श्वासनलिका व फुप्फुसे बनतात. पाठीकडे सॉक्स२ हे जनुक वरचढ राहते आणि तिथे अन्ननलिका बनते. ही वाटणी बिघडली, तर अन्ननलिका व श्वासनलिका जोडलेल्याच राहू शकतात.

खरी गंमत फांद्या फुटण्यात आहे. मध्यस्तरातील एफजीएफ-१० हा संकेत-रेणू अंकुराच्या टोकाला आपल्याकडे ओढतो. त्याचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना श्वासनलिका होती, पण फुप्फुसेच नव्हती, असे १९९८ मध्ये दिसले. पुढचा भाग नाशिककडच्या द्राक्ष बागाइतदाराला लवकर उमगेल. खरड छाटणीनंतर काडीचा शेंडा मारला, की खालच्या डोळ्यातून सबकेन, म्हणजे उपकाडी, निघते. फुप्फुसात मात्र शेंडा मारणारा बाहेरचा कुणी नसतो. वाढते टोकच एसएचएच हे प्रथिन सोडते आणि समोरचे एफजीएफ-१० दाबते. एफजीएफ-१० दोन्ही बगलांना शिल्लक उरते, म्हणून टोक दुभंगते, अशी एक मांडणी आहे. शिवाय एफजीएफचा निरोप मिळालेल्या पेशी स्प्राउटी-२ हे प्रथिन बनवून त्याच निरोपाला लगाम घालतात. म्हणजे श्वासमार्गांच्या या अख्ख्या झाडाचा नकाशा कुठे काढून ठेवलेला नसतो. ओढ आणि अटकाव यांतून तो उमटत जातो. २००८ मध्ये उंदराच्या फुप्फुसातील फाट्यांची वंशावळ मांडली गेली, तेव्हा फाटे फुटण्याच्या तीनच रीती पुन्हापुन्हा वापरलेल्या आढळल्या.

उंदरावरून माणसाचे सगळे सांगता येत नाही. उंदरात टोकाच्या पेशींची ओळख सॉक्स९ हे जनुक, तर देठाकडची सॉक्स२. माणसात सुरुवातीच्या महिन्यांत टोकाला दोन्ही सापडतात.

माणसात श्वासमार्गाच्या शाखा साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत फुटून होतात. वायुकोशांची (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांची) वाढ जन्मानंतरही चालते. वायुकोश मिटू न देणारा पृष्ठसक्रिय द्रव सुमारे चोविसाव्या आठवड्यापासून बनू लागतो, पण पुरेसा व्हायला आणखी दहाएक आठवडे लागतात. कॉर्टिसोलसारखी संप्रेरके ही परिपक्वता पुढे ओढतात. लिगिन्स व हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील चाचणीत हे दाखवले. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर आईला बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन या कॉर्टिसोलसारख्या औषधांची इंजेक्शने देतात, ती याचसाठी.