प्रायश्चित्त घ्यायचे कोणी?

पापावर देवाचा कोप होतो, हे मान्य केल्यावर पुढे करायचे काय, हा वाद फार जुना. कोपणारा देवच नको म्हणणाऱ्या एका श्रीमंत सभासदाला रोमच्या ख्रिस्ती मंडळीने इ. स. १४४ च्या सुमारास बाहेर काढले आणि त्याची मोठी देणगीही परत केली. पण आजच्या वादाची गाठ आहे ती एका शब्दात.

तो शब्द म्हणजे नव्या करारातल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातला (३:२५) 'हिलास्तेरिओन'. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो दयासनासाठी, म्हणजे कराराच्या कोशावरच्या सोन्याच्या झाकणासाठी येतो. महायाजक वर्षातून एकदा तिथे रक्त शिंपडायचा. एरवीच्या ग्रीकमध्ये मात्र याच कुळातले शब्द कोपलेल्या देवाला शांत करण्यासाठी वापरले जात. पौलाला यातले काय अभिप्रेत होते? १६११ च्या इंग्रजी बायबलने कोपशमनाचा अर्थ घेतला. १९३१ मध्ये एका ब्रिटिश अभ्यासकाने तो खोडला: पाप पुसले जाते, देवाला शांत करावे लागत नाही. १९४६ च्या अमेरिकन नव्या करारात हेच मत उतरले. १९५० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने उलट बाजू मांडली. पत्रात १:१८ पासून क्रोधाचाच विषय चालू असताना ३:२५ ला तो अचानक कसा नाहीसा होईल? मला हा मुद्दा अजून बिनतोड वाटतो. २००१ च्या एका इंग्रजी भाषांतराने जुनाच शब्द परत आणला.

मराठीत 'प्रायश्चित्त' आले आणि गुंता आणखी वाढला. आपल्या भाषेत प्रायश्चित्त घेतो तो पापी. इथे ते देवानेच पुढे ठेवले आहे, आणि ते म्हणजे ख्रिस्त. पाळक कितीही समजावोत, कानाला सवय जुन्या अर्थाची. उपासनेत पापांगीकार, म्हणजे पापाची कबुली, म्हणून झाल्यावरही काही हप्ते फेडायचे राहिलेत अशा चेहऱ्याने माणूस बाकावर बसतो. भाषांतरकारांना दोष देण्यापूर्वी दुसरा शब्द शोधून पाहावा. 'पापक्षालन' म्हटले की क्रोध गायब होतो. 'कोपशमन' म्हटले की देव रुसून मनधरणीची वाट पाहत बसलेला दिसतो.

कोप ओळखून राष्ट्राने एकत्र उपवास करावा, ही रीत एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जोरात होती. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीमुळे २१ मार्च १८३२ हा असाच दिवस पाळला गेला. १८५३ मध्ये पटकी पुन्हा आली, तेव्हा एडिंबरोच्या पाळकवर्गाने सरकारकडे उपवासाच्या दिवसाबद्दल विचारणा केली. गृहमंत्र्यांचे उत्तर असे, की आधी गरिबांच्या वस्त्या साफ करा. हातपाय न हलवता केलेल्या प्रार्थना-उपवासांनी साथ टळणार नाही. भक्तांना हे झोंबले. पण देवाचा राग ओळखायचा आणि घाण तशीच ठेवायची, याला पश्चात्ताप तरी कसे म्हणावे? गंमत अशी, की हेच गृहस्थ पुढे पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, हिंदुस्थानातल्या उठावानंतर, ७ ऑक्टोबर १८५७ हा उपवासाचा दिवस ठरला. त्या दिवशी लंडनच्या काचमहालात एकाच प्रवचनाला २३,६५४ माणसे जमली.

असे दिवस पुढे मागे पडले, क्रोध उरला तो गीतांत. २०१३ च्या एका अमेरिकन प्रेस्बिटेरियन पंथाच्या गीतसंग्रहाच्या वेळी वाद पेटला तो एका ओळीवरून: वधस्तंभावर देवाच्या क्रोधाचे समाधान झाले. समितीला तिथे देवाची प्रीती थोर ठरल्याची ओळ हवी होती. तशी ती दुसऱ्या एका संग्रहात छापूनही आली होती. गीतकारांनी नकार दिला. मतदान झाले, गीत ठेवण्याच्या बाजूने सहा, विरुद्ध नऊ. आमचा आक्षेप क्रोधाच्या उल्लेखाला नव्हता, क्रोधाचे 'समाधान' करण्याच्या भाषेला होता, असा खुलासा मागाहून आला. म्हणजे पुन्हा १९३१ चाच मुद्दा.